रांगोळीचा छापा आणि जनुकांची चिप



गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या फायलींमध्ये एक नवा कागद दिसू लागला आहे. साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड यांच्या रिपोर्टमागे टाचलेला ‘जेनेटिक रिपोर्ट’. कधी मुलाचा विकास उशिरा होतोय म्हणून बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेला, कधी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर केमो घ्यायची की नाही हे ठरवण्यासाठी केलेला, तर कधी कोणीही न सांगता लाळेची नळी कुरियरने पाठवून हौसेने करून घेतलेला. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच असतो : “डॉक्टर, यात सगळी जनुकं तपासली ना?”

यातले बरेच रिपोर्ट ‘मायक्रोअ‍ॅरे’ किंवा ‘जीन चिप’ नावाच्या, नखाएवढ्या काचेच्या तुकड्यावर तयार होतात. अशा रिपोर्टबाबत या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. का नाही, हे नीट कळायचं असेल तर ही चिप कशी जन्माला आली ते पाहावं लागतं. तिची गोष्ट रंजक तर आहेच, पण ती समजली की रिपोर्ट वाचण्याची तुमची दृष्टीही बदलेल.

दगडावरून सिलिकॉनवर

अनेक मराठी घरांत राजा रविवर्म्यांची लक्ष्मी किंवा सरस्वती भिंतीवर असते. ही चित्रं घरोघरी पोहोचली ती शिळाप्रेसमुळे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला त्यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छपाईचं तत्त्व असं : एका रंगासाठी एक दगड. आधी एक रंग छापायचा, मग त्याच कागदावर अचूक जागी दुसरा, मग तिसरा. थरांवर थर चढत जातात आणि शेवटी चित्र पूर्ण होतं. या पद्धतीला लिथोग्राफी म्हणतात. ‘लिथो’ म्हणजे दगड.

१९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बी यांनी आणि पुढच्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट नॉईस यांनी इलेक्ट्रॉनिक सर्किटचे अनेक भाग एकाच तुकड्यावर बनवण्याची कल्पना मांडली. हीच आपली मायक्रोचिप. ती बनवताना दगडाची जागा प्रकाशाने घेतली, म्हणून नाव झालं फोटोलिथोग्राफी. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने बदलणाऱ्या रसायनाचा लेप द्यायचा. वर बारीक नक्षीचा ‘मास्क’ धरायचा आणि अतिनील प्रकाश टाकायचा. जिथे भोक आहे तिथेच प्रकाश पोहोचतो, तेवढाच लेप बदलतो, आणि मग धुतलं की नक्षी उमटते.

दिवाळीत बाजारात मिळणारा रांगोळीचा छापा आठवा. भोकं पाडलेली चकती जमिनीवर ठेवली, वरून रांगोळी टाकली, चकती उचलली की खाली नक्षी तयार. मास्क म्हणजे असाच छापा, फक्त रांगोळीऐवजी प्रकाशाचा.

अक्षराला अक्षर ओळखतं

आता थोडं शरीराकडे वळू. आपल्या पेशींतला डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो : ए, टी, जी आणि सी. त्याचे दोन धागे असतात. एकावर ए असेल तर समोर टी, आणि जी असेल तर समोर सी. जॅकेटच्या चेनचे दाते जसे एकमेकांत बसतात, तसे हे धागे जुळतात. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी ही रचना मांडली.

याचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. तुम्हाला एखादा मजकूर शोधायचा असेल, तर त्याच्या जोडीचा छोटा धागा बनवा, त्याला खूण लावा आणि नमुन्यात सोडा. जोडीदार असेल तर तो त्याला चिकटेल. एडिनबरा इथल्या एडविन सदर्न यांनी १९७५ साली याच तत्त्वावर एक तपासणी दिली, ती आजही ‘सदर्न ब्लॉट’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे औषधांना दाद न देणारा क्षयरोग ओळखायला वापरतात ती ‘लाइन प्रोब’ तपासणीही याच कुळातली. तिथे एका पट्टीवर वेगवेगळे छोटे धागे ओळीने चिकटवलेले असतात आणि कोणत्या रेषा उमटल्या किंवा उमटल्या नाहीत यावरून जंतूतला बदल कळतो.

अडचण संख्येची होती. माणसाच्या शरीरात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. एका वेळी एक-दोन जनुकं तपासत बसलो तर आयुष्य पुरणार नाही. हजारो धागे एकाच वेळी, एकाच तुकड्यावर, प्रत्येक आपापल्या ठरलेल्या जागी कसे बसवायचे?

टोपी आणि प्रकाश

या कोड्याचा एक तुकडा आधीच तयार होता. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले ब्रूस मेरीफिल्ड यांनी १९६३ मध्ये प्रथिनांचे तुकडे बनवण्याची एक सोपी रीत शोधली होती. साखळीची पहिली कडी घट्ट कणाला चिकटवायची आणि मग एकेक कडी जोडत जायचं. प्रत्येक नव्या कडीच्या टोकावर एक रासायनिक ‘टोपी’ असते. टोपी असेपर्यंत पुढची कडी जोडली जात नाही. टोपी काढली की एक कडी जोडायची, तीही टोपी घालूनच येते. त्यामुळे एका फेरीत एकच कडी वाढते, गोंधळ होत नाही. या कामासाठी मेरीफिल्ड यांना १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरा तुकडा जोडला गेला कॅलिफोर्नियात. उरुग्वेत जन्मलेले आलेहांद्रो झाफारोनी हे औषध उद्योगातलं मोठं नाव. त्वचेवर चिकटवायच्या औषधी पट्ट्यांच्या विकासात त्यांच्या आल्झा कंपनीचा मोठा वाटा आहे. १९८८ मध्ये त्यांनी अ‍ॅफिमॅक्स ही कंपनी काढली. हेतू होता नवीन औषधं भराभर शोधण्याचा. मायक्रोचिप ज्या रीतीने बनते त्याच रीतीने रेणू बनवता येतील का, या प्रश्नावर तिथे काम सुरू झालं. स्टीफन फोडर, लेटन रीड, मायकेल पिरंग, ल्युबर्ट स्ट्रायर आणि त्यांचे सहकारी या कामात होते. स्ट्रायर हे नाव वैद्यकीय विद्यार्थ्यांना ओळखीचं असेल, त्यांचं बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक प्रसिद्ध आहे.

त्यांची युक्ती अशी : टोपी अशी निवडायची जी प्रकाश पडला की निघून जाते. मग काचेवर मास्क धरून जिथे प्रकाश टाकाल तिथल्याच टोप्या निघतील. आता काच एका अक्षराच्या द्रावणात बुडवली, तर ते अक्षर उघड्या जागीच चिकटेल. मास्क बदला, दुसऱ्या जागा उघड्या करा, दुसरं अक्षर द्या. एका रंगाला एक दगड, तसा इथे एका अक्षराला एक मास्क.

१९९१ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम छापून आलं. त्यात त्यांनी अवघ्या १० पायऱ्यांत १,०२४ वेगवेगळे प्रथिनांचे तुकडे एका काचेवर बनवून दाखवले. हे कसं शक्य झालं? प्रत्येक पायरीला काचेचा अर्धा भाग उघडा आणि अर्धा झाकलेला, पण दर वेळी वेगळ्या नक्षीने. पायरीगणिक प्रकार दुप्पट होतात : २, ४, ८, १६... आणि दहाव्या पायरीला १,०२४. बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आहे ना, तोच हिशेब.

मूळ डोळा औषधांवर होता, पण खरा उपयोग डीएनएसाठी निघाला. डीएनएला अक्षरं चारच. म्हणजे २५ अक्षरांचा धागा बनवायला जास्तीत जास्त २५ गुणिले ४, म्हणजे १०० पायऱ्या लागतात. गंमत अशी की काचेवर १० धागे हवेत की १ लाख, पायऱ्या तेवढ्याच. फक्त मास्कवरची नक्षी बदलते. १९९४ मध्ये या गटाने ८ अक्षरांच्या २५६ धाग्यांची चिप दाखवली. १९९६ मध्ये १,३५,००० धाग्यांची चिप आली, तिच्यावर मायटोकाँड्रियाचा पूर्ण डीएनए वाचता येत होता. दरम्यान याच कामासाठी अ‍ॅफिमेट्रिक्स ही स्वतंत्र कंपनी निघाली. एड्सच्या विषाणूत औषधांना जुमानणार नाहीत असे बदल झालेत का, हे पाहण्याची चिप तिच्या सुरुवातीच्या उत्पादनांत होती.

रुग्णाचा नमुना चमकणाऱ्या रंगाची खूण लावून काचेवर सोडायचा, न चिकटलेला भाग धुऊन टाकायचा आणि यंत्राने पाहायचं कोणते ठिपके चमकतात. प्रत्येक ठिपक्याची जागा माहीत असल्याने कोणता मजकूर सापडला ते लगेच कळतं.

टाकाने काढलेले ठिपके

ही चिप महाग होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या पॅट ब्राउन यांच्या गटाने वेगळा रस्ता धरला. टाकाच्या निबासारख्या चिरा असलेल्या सुया यंत्रमानवाला लावल्या, त्या डीएनएच्या द्रावणात बुडवल्या आणि काचेवर ठिपके काढले. १९९५ च्या त्यांच्या पहिल्या निबंधात एका छोट्या वनस्पतीची फक्त ४५ जनुकं होती. दोन वर्षांत ते यीस्टच्या सगळ्या म्हणजे सुमारे ६,००० जनुकांपर्यंत पोहोचले. एवढंच नाही, असं यंत्र स्वतः कसं बनवायचं याची कृतीही त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवली.

त्याच गटातले जो डेरिसी पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ज्ञात विषाणूंच्या ओळखखुणा असलेली चिप बनवली. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा त्या चिपवर कोरोना कुळाचे ठिपके चमकले आणि हा या कुळातला नवीन विषाणू आहे, या निष्कर्षाला बळ मिळालं.

चिप रुग्णाच्या खाटेपाशी आली तेव्हा

१९९९ मध्ये टॉड गोलुब आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या तीव्र कॅन्सरवर एक अभ्यास छापला. या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार, एएलएल आणि एएमएल. दोघांची औषधं वेगळी, म्हणून निदान चुकलं तर किंमत मोठी. त्यांनी ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेतली ६,८१७ जनुकं चिपवर पाहिली, त्यातून ५० जनुकांची एक खूण काढली आणि ती ३४ नव्या नमुन्यांवर तपासली. २९ नमुन्यांत खात्रीचं उत्तर मिळालं आणि ते सर्व बरोबर होतं. उरलेल्यांबद्दल पद्धतीने स्वतःच सांगितलं की खात्री नाही. चांगल्या तपासणीचं हे लक्षण आहे हे लक्षात ठेवा.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर याचा थेट फायदा झाला. २००२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटने ७० जनुकांची एक खूण शोधली. कोणाचा कॅन्सर पुढे पसरण्याची शक्यता जास्त, हे ती सांगते. त्यांच्या चिपवरचे धागे मास्कने नव्हे, तर घरच्या इंकजेट प्रिंटरसारखे थेंब सोडून बनवलेले होते. या तपासणीला अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये मान्यता दिली. पुढे ६,६९३ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. गाठीचा आकार वगैरे पाहता धोका जास्त, पण जनुकांनुसार धोका कमी, अशा ज्या स्त्रियांनी केमो घेतली नाही, त्यांच्यापैकी ९४.७ टक्के स्त्रियांत ५ वर्षांनंतर कॅन्सर दूर पसरलेला नव्हता. केमोमुळे पडणारा फरक जेमतेम दीड टक्क्याचा होता.

पण पाठपुरावा जास्त वर्षं चालू ठेवल्यावर बारकावा समोर आला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत ८ वर्षांनीही फरक नगण्य होता. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तो सुमारे ५ टक्के होता. म्हणजे रिपोर्ट तोच, पण वयानुसार सल्ला बदलू शकतो. म्हणूनच मैत्रिणीने केमो टाळली म्हणून आपणही टाळायची, असं करू नका. आपल्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोला.

विकास खुंटलेल्या मुलांच्या बाबतीतही मोठा बदल झाला. पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहणारी कॅरिओटाइप ही पहिली तपासणी असे. डाऊन सिंड्रोमसारखी ओळखू येणारी स्थिती वगळली, तर तिच्यात सुमारे ३ टक्के मुलांत कारण सापडे. चिपवरच्या तपासणीत ते १५ ते २० टक्के मुलांत सापडतं. म्हणून २०१० मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अशा मुलांसाठी चिपची तपासणी पहिली करावी असं सुचवलं. वर्षानुवर्षं ‘आमचंच काही चुकलं का’ असं मनाला लावून घेणाऱ्या आईवडिलांसाठी कारण कळणं ही छोटी गोष्ट नसते.

आकडे खोटं बोलले ती गोष्ट

या इतिहासात एक काळं पानही आहे. २००६ पासून अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या एका गटाने असा दावा केला की चिपवरच्या जनुकांवरून कोणत्या रुग्णाला कोणतं केमो लागू पडेल हे आधीच सांगता येतं. त्या आधारावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधले दोन संख्याशास्त्रज्ञ, कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स, यांनी तो हिशेब पुन्हा करून पाहिला. तक्त्यात जनुकांची नावं एक ओळ खाली सरकलेली होती. काही ठिकाणी ‘औषध लागू पडतं’ आणि ‘लागू पडत नाही’ या खुणाच उलट्या झाल्या होत्या. २०१० मध्ये चाचण्या थांबल्या, निबंध मागे घेतले गेले आणि २०१५ मध्ये सरकारी चौकशीत आकडे खोटे घातल्याचा निष्कर्ष निघाला.

चिपने काही चूक केली नव्हती. पण हजारो ठिपक्यांतून अर्थ काढणारी माणसंच असतात. यानंतर अशा तपासण्यांसाठी पुरावा तपासण्याचे नियम अधिक कडक करण्याची शिफारस झाली.

जे छाप्यात नाही, ते रांगोळीत नाही

आता पुन्हा त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सगळी जनुकं तपासली ना?

छाप्यात मोराचं भोकच पाडलेलं नसेल तर रांगोळीत मोर उमटणार नाही. चिपचंही तसंच. तिच्यावर जे धागे आधी बसवले आहेत, तेवढ्याच प्रश्नांची उत्तरं ती देते. २०१८ मध्ये ट्वेंटी-थ्री-अँड-मी या कंपनीला बीआरसीए जनुकांची तपासणी थेट ग्राहकांना विकायला एफडीएने परवानगी दिली, तेव्हा त्यात फक्त ३ बदल तपासले जात होते. हे ३ प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू समाजात आढळणारे. या जनुकांत एक हजाराहून जास्त बदल माहीत आहेत. मग एखाद्या मराठी स्त्रीच्या अशा रिपोर्टवर ‘काही आढळलं नाही’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ किती घ्यायचा, ते तुम्हीच ठरवा.

उलट बाजूही आहे. दुर्मीळ बदलांच्या बाबतीत चिप कधी नसलेली गोष्ट ‘आहे’ म्हणून सांगते. यंत्र एका ठिपक्याची चमक बाकीच्या अनेक लोकांच्या चमकेशी ताडून गट पाडतं. बदल लाखात एखाद्यालाच असेल तर ताडून पाहायला गटच नसतो. २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या ब्रिटनमधल्या सुमारे ५०,००० लोकांच्या अभ्यासात, चिपने बीआरसीएमधला धोकादायक दुर्मीळ बदल दाखवला त्यांच्यापैकी ५ टक्क्यांहून कमी लोकांत तो खरोखर होता. अशा रिपोर्टवरून कोणी स्तन किंवा अंडाशय काढण्याचा निर्णय घेतला तर काय होईल, याची कल्पना करा.

नेहमी आढळणाऱ्या बदलांसाठी मात्र चिप भरवशाची आहे. उदाहरणार्थ हृदयात स्टेंट बसवल्यावर दिली जाणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी. सीवायपी २सी१९ हे एन्झाइम यकृतात तिला कामाला लावतं. काहींमध्ये ते जन्मतःच निष्क्रिय असतं. २०१० पासून अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा आहे. या एन्झाइमची चिपवरची तपासणी एफडीएने जानेवारी २००५ मध्येच मान्य केली होती. (हे वाचून कोणी गोळी परस्पर बंद करू नये! स्टेंटनंतर गोळी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.)

आज डीएनए अक्षरन्‌अक्षर वाचणारी सिक्वेन्सिंग यंत्रं स्वस्त होत आहेत आणि चिपची बरीच कामं त्यांच्याकडे गेली आहेत. पण त्यातल्या काही यंत्रांतही डीएनए बसतो तो मायक्रोचिपच्या तंत्राने कोरलेल्या सूक्ष्म खळग्यांतच.

रिपोर्ट हातात आला की हे विचारा

१. ही तपासणी चिपवर झाली की सिक्वेन्सिंगने? चिप असेल तर तिच्यावर माझ्या आजाराचे कोणते बदल होते?

२. ‘निगेटिव्ह’ म्हणजे धोका नाही, की फक्त तपासलेलं काही सापडलं नाही? मुलांच्या चिप तपासणीत एका अक्षराचे बदल दिसत नाहीत. फ्रॅजाइल एक्ससाठीही वेगळी तपासणी लागते.

३. दुर्मीळ आणि गंभीर काही सापडलं असेल, तर दुसऱ्या पद्धतीने खात्री केली का? ती झाल्याशिवाय मोठा निर्णय घेऊ नका.

४. या उत्तराने माझे उपचार बदलणार आहेत का? बदलणार नसतील, तर तपासणी करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. पैसे वाचतील आणि नाहक काळजीही.

घरात कोणाला कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर लाळेच्या किटवर विसंबू नका. जनुकीय समुपदेशकाला किंवा आपल्या डॉक्टरांना भेटा, आणि येताना आजी-आजोबांपर्यंतच्या आजारांची माहिती कागदावर लिहून आणा. कोणती तपासणी करायची, हे बऱ्याचदा त्या कागदावरूनच ठरतं.